शिल्लक आणि ऋण

पन्नाशी जवळ आली की मनुष्याला दुसऱ्याच्या शिल्लकीशी आपली शिल्लक ताडून पाहण्याची खोड लागते. ही तुलना योग्य की अयोग्य, या प्रश्नाकडे आम्ही आजवर केवळ व्यवहार म्हणून पाहत होतो. तो नीतीचाही प्रश्न आहे, हे आम्हांस उशिरा उमगले.

गेल्या भाऊबीजेला आम्ही चौघे भावंडे इंदूरच्या जुन्या घरी जमलो होतो. आजोबा होळकर संस्थानच्या सेवेत होते. निवृत्तीसाठी बचत हा विषय त्यांच्या बैठकीत कधी निघाला नसावा. आमच्या पिढीत मात्र जेवणे आटोपताच धाकट्याने मोबाईलवर एक कोष्टक काढले : तिसाव्या वर्षी एका वर्षाच्या पगाराइतकी, चाळिसाव्या वर्षी तिप्पट, पन्नासाव्या वर्षी सहापट शिल्लक हवी. प्रत्येकाने आपापला आकडा सांगितला. मधला भाऊ तेवढा पानाला चुना लावीत गप्प राहिला.

हे कोष्टक फिडेलिटी या अमेरिकी गुंतवणूक संस्थेचे. पंचविसाव्या वर्षापासून दरसाल पंधरा टक्के बचत, सदुसष्टाव्या वर्षी निवृत्ती आणि जोडीला तेथील सरकारी निवृत्तिवेतन, एवढे त्यात गृहीत आहे. सरासरीचा आधार घ्यावा, तर तीही फसवी. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत ४५ ते ५४ वयाच्या, निवृत्तिखाते असलेल्या कुटुंबांची सरासरी शिल्लक सुमारे ३ लाख १३ हजार डॉलर निघाली. पण रांगेत बरोबर मध्यावर असलेल्या कुटुंबाची अवघी १ लाख १५ हजार. मूठभर धनिकांमुळे सरासरी फुगते आणि बाकीचे उगाच स्वतःला दरिद्री समजतात.

आमच्या घरातही तेच झाले. थोरले बंधू केंद्र सरकारच्या नोकरीत २००४ पूर्वी लागले. त्यांना ठरीव निवृत्तिवेतन मिळेल, म्हणून गाठीची रक्कम लहान. धाकटा १ जानेवारी २००४ नंतर लागला. त्याच्या वेतनातून दरमहा अंशदान कापले जाते, म्हणून खात्यातला आकडा मोठा. दोघांच्या आकड्यांत श्रीमंती-गरिबी नाही, केवळ नियमांचा फरक आहे.

पण मधल्याचे काय? त्याने बढतीची बदली नाकारली. आईच्या अर्धांगवायूची नऊ वर्षे त्याने घरीच काढली. औषधे, रात्रपाळीची बाई, सारे त्याच्या पगारातून. आम्ही तिघे सणाला येत होतो, फळे आणीत होतो. आठ टक्के दराने पंचविसाव्या वर्षी ठेवलेला एक लाख साठाव्या वर्षी पावणेपंधरा लाखांच्या घरात जातो. पंचेचाळिसाव्या वर्षी ठेवलेला सव्वातीन लाखांपर्यंतही पोचत नाही. म्हणजे त्याने केवळ पैसा खर्चिला नाही, पैसा वाढण्याचा काळही खर्चिला. आणि त्याच काळात आमचा पैसा वाढत राहिला.

यावर कोणी म्हणेल, त्याने आपले कर्तव्य केले, त्याचा हिशेब कसला? आम्हीही असेच म्हणत आलो. परंतु कर्तव्य तर चौघांचे होते. एकाने ते सर्वांच्या वतीने पार पाडले असेल, तर उरलेल्यांच्या शिल्लकीत त्याचा वाटा मिसळलेला आहे. तो वाटा आपला समजून त्याच्याच समोर आकडे वाचणे, ही आमची चूक होती.

बचत करू नये, असे आमचे म्हणणे नाही. म्हातारपणी मुलांपुढे हात पसरण्यापेक्षा वेळीच काटकसर बरी. आणि ती पुरेशी आहे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गरजेशी ताडून पाहावे. पण दुसऱ्याशी तुलना करण्यापूर्वी एक रकाना अधिक आखावा : ही रक्कम उरली, ती कोणाच्या खर्चामुळे?

तो रकाना आम्ही तिघांनी भरून पाहिला. आता मधल्याच्या नावे दरमहा काही रक्कम टाकतो. त्याने प्रथम नकार दिला. उपकार नको, म्हणाला. थोरले बंधू एवढेच म्हणाले, "उपकार तू केलेस. आम्ही फेड करतो आहोत."