हुकलेल्या मुकुटांचा हिशेब

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना धावपटूंच्या पाठोपाठ मुष्टियोद्ध्याचीही उपमा योजिली आहे आणि ती स्वतःलाच लावून घेतली आहे. उपदेश करणाऱ्या प्रेषिताने रिंगणातील घामट माणसाशी आपले नाते सांगावे, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे. त्याच ठिकाणी तो कोमेजणाऱ्या आणि न कोमेजणाऱ्या अशा दोन मुकुटांतील फरकही सांगतो. तेथे एक प्रश्न मात्र तो उपस्थित करीत नाही. ज्याला शर्यतीच्या आरंभरेषेवर उभेच राहू दिले नाही, त्याच्या मुकुटाचे काय?

हा प्रश्न आम्हांस पडण्याचे कारण अमेरिकेतील एक लहानसे गाव आहे. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी कॅनास्टोटा नावाचे हे गाव एकेकाळी त्याच्या काळ्या मातीत पिकणाऱ्या कांद्यासाठी ओळखले जाई. कांद्याच्या शेतात राबणाऱ्या एका इटालियन कुटुंबातील कार्मेन बॅसिलिओ हा मुलगा पुढे दोन वजनगटांत जगज्जेता झाला. 1957 मध्ये त्याने प्रत्यक्ष शुगर रे रॉबिन्सनला हरविले. त्याचा भाचा बिली बॅकस यानेही 1970 मध्ये जगज्जेतेपद पटकावले. या मामा-भाच्यांचा उचित सन्मान व्हावा असे गावकऱ्यांना वाटले आणि त्या इच्छेतूनच तेथे आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिमंदिर उभे राहिले. 1990 पासून तेथे दरवर्षी मानकऱ्यांची निवड होते. मुष्टियुद्धावर लिहिणारे पत्रकार व निरनिराळ्या देशांतील इतिहासकार मते देतात. जिवंत मानकरी सोहळ्यास येतात, तेव्हा त्यांच्या मुठींचे साचे घेतले जातात व ते जतन केले जातात.

निवड करणाऱ्यांसमोर असतो तो विक्रमांचा कागद. किती लढती, किती विजय, किती किताब. आता 1940च्या दशकातील अमेरिकेतील काही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांचे कागद समोर घ्यावेत. चार्ली बर्ली, होल्मन विल्यम्स, एडी बुकर, लॉइड मार्शल आणि कोको किड या नावाने ओळखला जाणारा हर्बर्ट हार्डविक ही त्यांतील काही नावे. लेखक बड शुल्बर्ग यांनी या मंडळींना 'मारेकऱ्यांची रांग' अशा अर्थाचे नाव दिले. ही माणसे इतकी निष्णात होती, की जगज्जेते त्यांच्याशी किताबासाठी लढण्यास धजत नसत. त्यांच्याशी लढून हरण्याचा धोका मोठा, आणि कृष्णवर्णीयांच्या लढतीस मिळणारा गल्ला थोडा. मग व्यवस्थापकांनी एक सोयीचा मार्ग काढला. ही माणसे पुन्हा पुन्हा एकमेकांशीच लढत राहिली, एकमेकांना झिजवीत राहिली, आणि जगज्जेतेपद दुसरीकडेच हात बदलत राहिले.

यांत चार्ली बर्ली यांचे चरित्र आम्हांस विशेष विचार करावयास लावते. पिट्सबर्ग परिसरातील या तरुणाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निवडीकडे पाठ फिरविली. हिटलरच्या त्या सोहळ्यास उत्तर म्हणून बार्सिलोनात भरणार होते त्या लोकांच्या ऑलिंपिकसाठी तो स्पेनला गेला. तेथे यादवी युद्ध पेटले आणि ते सामने झालेच नाहीत. पुढे व्यावसायिक म्हणून सुमारे शंभर लढती लढताना तो एकदाही बाद झाला नाही. पिट्सबर्गच्याच फ्रिट्झी झिव्हिक याला त्याने तीनपैकी दोनदा हरविले; तो झिव्हिक 1940 मध्ये जगज्जेता झाला. 1944 मध्ये बर्लीने आर्ची मूरलाही हरविले आणि मूर 1952 मध्ये जगज्जेता झाला. आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत बर्ली सर्वश्रेष्ठ, असे मूर अखेरपर्यंत सांगत राहिले. स्वतः बर्लीला मात्र किताबाची एकही संधी मिळाली नाही. तो पिट्सबर्ग शहरात कचरा गोळा करण्याच्या कामावर लागला आणि त्या कामावर त्याने आपले घर चालविले.

कीर्तिमंदिराने 1992 मध्ये बर्लीची निवड केली. त्याच वर्षी त्याचे निधन झाले. ज्या झिव्हिकला त्याने हरविले होते तो एक वर्षानंतर आत आला, हा योगायोग आम्हांस सुखावून जातो हे कबूल करावयास हवे. इतरांच्या वाट्याला मात्र याहून दीर्घ प्रतीक्षा आली. एका इमारतीत रखवालीचे काम करीत असलेला होल्मन विल्यम्स 1967 मध्ये आगीत मरण पावला. त्याचा सन्मान झाला 2008 मध्ये. मार्शलचे नाव 2010 मध्ये आणि कोको किडचे 2012 मध्ये लागले. डोळे अधू झाल्याने 1944 मध्येच निवृत्त व्हावे लागलेल्या एडी बुकरसाठी 2017 हे साल उजाडावे लागले. यांपैकी कोको किडची अखेर तर ऐकवत नाही. डोक्यावरील आघातांनी त्याची स्मृती इतकी नष्ट झाली होती, की रुग्णालयात त्याला आपण कोण हेही सांगता येईना. कधीकाळी आरमारात नोकरी केल्यामुळे तेथे त्याच्या बोटांचे ठसे होते, त्यांवरून त्याची ओळख पटली. ज्याला स्वतःचे नाव आठवले नाही, त्याचे नाव मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी भिंतीवर कोरले गेले.

येथे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्तच आहे, की यातून मृतास काय मिळाले? मृतास काहीच मिळाले नाही, हे उत्तर आम्ही टाळू इच्छीत नाही. परंतु आपण ख्रिस्ती लोक हा प्रश्न विचारण्याच्या स्थितीत आहोत काय? वसईच्या मातीत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना 1597 मध्ये नागासाकी येथे क्रुसावर खिळण्यात आले. 1627 मध्ये ते धन्यवादित घोषित झाले आणि संतपद लाभले ते 1862 मध्ये. दोनशे पासष्ट वर्षे! स्वर्गात त्यांच्या वैभवात या घोषणेने कणभरही भर पडली नाही, अशी ख्रिस्तसभेचीच शिकवण आहे. घोषणा व्हावयाची असते ती जिवंतांसाठी. आपण कोणास आदर्श मानतो हे जाहीरपणे सांगताना समाज आपलेच मोजमाप करीत असतो. कीर्तिमंदिराने बुकरला सत्तर वर्षांनी आत घेतले, तेव्हा बुकरचा नव्हे तर त्या सत्तर वर्षांचा न्यायनिवाडा झाला, असे आम्हांस वाटते.

अडचण आहे ती कसोटीची. जे घडले ते मोजता येते. घडू दिले नाही ते कसे मोजावे? जिंकलेल्या किताबांच्या यादीत न जिंकू दिलेले किताब धरले तर उद्या कोणीही पुढे येऊन म्हणेल, मलाही संधी मिळती तर. हा आक्षेप पोकळ नाही. ख्रिस्तसभेत संतपदाच्या चौकशीत विरुद्ध बाजू मांडण्यासाठी 'सैतानाचा वकील' नेमण्याची प्रथा शतकानुशतके होती; 1983 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी केलेल्या सुधारणांनंतर ती भूमिका जवळजवळ मावळली. कीर्तिमंदिरास असा वकील असावा असे आम्हांस वाटते. पण त्याने रिकाम्या रकान्यांवर बोट ठेवून थांबू नये. तो रकाना कोणी रिकामा ठेवला, हेही विचारावे. बर्ली, विल्यम्स, मार्शल यांच्या बाबतीत पुरावा आहे तो त्यांनी हरविलेल्या माणसांचा. पुढे जगज्जेते झालेले जेक लामोटा, जोई मॅक्सिम व एझर्ड चार्ल्स हे तिघेही मार्शलकडून पराभूत झाले होते. हा 'जर-तर'चा पुरावा नव्हे. फक्त तो वेगळ्या रकान्यात पडलेला आहे.

सॅम लँगफोर्डचे उदाहरण याहून अवघड. कॅनडातील नोव्हा स्कॉशियात जन्मलेला हा बुटका योद्धा 1906 मध्ये जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढला व हरला. 1908 मध्ये जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय वजनदार जगज्जेता झाला. ज्या वर्णभेदाच्या भिंतीवर डोके आपटीत त्याने वर्षे घालविली होती, ती पार केल्यावर त्याने लँगफोर्डला पुन्हा एकदाही समोर येऊ दिले नाही. अन्याय सोसलेला माणूस न्यायी होतोच असे नाही, हे मान्य करणे आम्हांस जड जाते, पण इलाज नाही. लँगफोर्ड लढतच राहिला. 1917 मध्ये एका डोळ्याची दृष्टी गेली तरी लढला. 1922 मध्ये त्याने टायगर फ्लॉवर्सला बाद केले. तो फ्लॉवर्स चार वर्षांनी जगज्जेता झाला. नंतर लँगफोर्डला पूर्ण अंधत्व आले. 1944 मध्ये अल लेनी या पत्रकाराने त्याचा शोध घेतला तेव्हा अनेकांनी तो कधीच वारल्याचे सांगितले. तो हार्लेममधील एका कोंदट खोलीत एकटा, दरिद्री, पण हसतमुख असा सापडला. लेनीचा लेख छापून येताच वाचकांनी पैसे पाठविले, त्यांचा निधी झाला आणि लँगफोर्डची अखेरची वर्षे सुखात गेली. 1955 मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, 'रिंग' मासिकाच्या तत्कालीन कीर्तिमंदिरात त्याचे नाव दाखल झाले. गौरव वेळेवर झाला तर तो भाकरीही होऊ शकतो, हे लेनीने दाखविले. लँगफोर्डला जॉन्सनविषयी कडवटपणा नव्हता असे सांगतात. आम्हांस तो थोडा असता तरी चालले असते.

स्त्रियांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे वाद करण्याजोगे काही उरलेले नाही. पहिली तीस वर्षे कीर्तिमंदिरात एकही स्त्री मुष्टियोद्धा नव्हती. 2002 मध्ये आत गेलेल्या एलीन ईटन या लढतींच्या आयोजक होत्या. 2020च्या यादीत प्रथमच तीन स्त्री योद्ध्यांची नावे आली. त्यांतील इंग्लंडच्या बार्बरा बट्रिक यांनी 1950च्या दशकात हातमोजे चढविले होते. साथीमुळे तो सोहळाही 2022 पर्यंत लांबला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

आणि पराभूतांचे काय? बर्मिंगहॅमच्या पीटर बकली या योद्ध्याने 300 लढती लढल्या आणि त्यांपैकी 256 हरला. होतकरू तरुणांसमोर ऐनवेळी बोलावून उभे करावयाचा माणूस, ही त्याची ओळख. नसीम हमीदसारखे पुढे कीर्तिमंदिरात गेलेले योद्धे त्याच्याशी लढून तयार झाले. तो काम म्हणून लढला, चोख लढला, आणि आपली मजुरी घेऊन घरी गेला. आमच्या हाती मतपत्रिका असती तर आम्ही त्याचे नाव लिहिले असते. ऐकणारे हसतील, पण शिकविणाऱ्यांना, पंचांना, आयोजकांना, समालोचकांनाही ज्या कीर्तिमंदिरात स्थान आहे, तेथे ज्याच्या देहावर दुसऱ्यांनी हे शास्त्र गिरविले त्याला जागा नसावी, हे आम्हांस पटत नाही.

एका नावापाशी मात्र आमची लेखणी अडते. 13 नोव्हेंबर 1982 रोजी लास व्हेगासमध्ये रे मँचिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत दक्षिण कोरियाचा किम डुक-कू कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. इतर संघटनांनीही पुढे तेच केले. या खेळावर इतका परिणाम फार थोड्या जगज्जेत्यांनी केला असेल. मँचिनी हे श्रद्धाळू कॅथोलिक. ते किमच्या अंत्यविधीस कोरियात गेले आणि त्या घटनेचे ओझे त्यांनी आयुष्यभर वाहिले. 2015 मध्ये ते कीर्तिमंदिराचे मानकरी झाले आणि त्यात काही गैर झाले असे आम्ही म्हणणार नाही. किमचे नाव तेथे असावे काय? ज्या खेळाने त्याचा प्राण घेतला त्यानेच त्याला हार घालावा, हे आम्हांस सहन होत नाही. त्याचे नाव नसावे, हेही होत नाही.

येथे मूळ प्रश्नच उभा राहतो, की ज्या खेळात दुसऱ्याच्या मेंदूवर आघात करणे हेच उद्दिष्ट, त्याचे कीर्तिमंदिर तरी असावे काय? 2005 मध्ये रोममधील 'ला चिव्हिल्ता कात्तोलिका' या येशूसंघीय नियतकालिकाने व्यावसायिक मुष्टियुद्धाचा नैतिक पायाच नाकारला. दुसरीकडे 1930 मध्ये शिकागोत बिशप बर्नार्ड शील यांनी कॅथोलिक युवक संघटना स्थापिली, ती मुष्टियुद्धाच्या बळावर. रस्त्यावरची मुले तेथे व्यायामशाळेत आली. दोन्ही बाजू एकाच ख्रिस्तसभेच्या आहेत आणि आम्ही पहिलीकडे अधिक झुकतो. पण तसे झुकल्यावर बर्ली आणि बुकर यांचे देणे फिटत नाही. त्यांनी आयुष्य वेचले तो खेळ आम्हांस रुचत नाही, म्हणून त्यांच्या न्यायाची फाईल बंद करणे ही आमची सोय झाली.

बेन सिराच्या ग्रंथात थोर पुरुषांची स्तुती सुरू होते आणि लगेच ज्यांची काहीच आठवण उरली नाही अशांचा उल्लेख येतो. ग्रंथकार त्यांची नावे देत नाही, कारण ती त्याला ठाऊक नसावीत. आम्हांस यांची नावे ठाऊक आहेत. त्यांचे विक्रम वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत पडून होते, ते चिकाटीच्या माणसांनी तारीखवार शोधून काढले आणि मतदारांसमोर ठेवले. विल्यम्स, बुकर, कोको किड आत गेले ते त्या कामामुळे. ते काम अजून चालू आहे.