उगवण चाचणी

रोज पहाटे तीन वाजता एक हिरवा निरोप यायचा : बॅकअप यशस्वी.

कारंजा लाडच्या बाहेर, मंगरूळपीरच्या रस्त्याला, सोयाबीनचं बियाणं आणि तुरीची डाळ तयार करणारी एक कंपनी होती असं समजा. समजाच म्हणतो, कारण कंपनी गोष्टीतली आहे. निरोप मात्र खरा आहे. तो कित्येक ऑफिसांत रोज येतो आणि कोणी उघडून पाहत नाही.

कंपनीचा सगळा कारभार एका सर्व्हरवर चाले. लॉटचं रजिस्टर, काट्याच्या पावत्या, सभासदांचे सातबारे, खरेदीदारांशी झालेले करार, कोणाच्या सहीवाचून कोणतं बिल अडलंय, सारं शेअरपॉइंटवर. वाशिमच्या गोदामातला माणूस, रिसोडचा खरेदीवाला आणि कारंज्याचा अकाउंटंट एकाच कागदावर काम करत. आधी हे तिघं फोनवर भांडायचे. आता सर्व्हरवर भांडत, आणि भांडणाची तारीखवार नोंद राही.

सर्व्हर सांभाळायला एक मुलगी होती. कारंज्याचीच, अमरावतीला शिकून आलेली. चेअरमनना सगळे भाऊ म्हणत. बियाण्यात मुरलेला माणूस. दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारा. संगणकाशी त्यांचा संबंध एवढाच की संचालकांच्या सभेत ते हिरव्या निरोपांची छापील यादी फिरवत, कोणी मागितली नसली तरी.

मुलीचे आजोबा कारंज्यातच राहत. त्यांचं अर्धं आयुष्य पोथ्यांची वेष्टनं सोडण्या-बांधण्यात गेलं होतं. कारंजा म्हटलं की लोकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आठवतं. पण या गावाला आणखी एक मोठेपण आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यातल्यांनाही फारसं माहीत नसतं : इथले जैन ग्रंथभांडार. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ, अशा तीन मंदिरांतून पिढ्यान्‌पिढ्या नकला करून ठेवलेल्या पोथ्या. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तेव्हा बाहेरच्या विद्वानांना कळलं की पुष्पदंतासारख्या दहाव्या शतकातल्या अपभ्रंश कवीची काव्यं वऱ्हाडातल्या एका गावी कपड्यात गुंडाळून ठेवलेली आहेत. त्यातूनच 1931 साली प. ल. वैद्यांनी संपादित केलेलं ‘जसहरचरिउ’ आलं, 1933 ला हिरालाल जैनांचं ‘णायकुमारचरिउ’. (हे हिरालाल वेगळे, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे. दोन हिरालालांची गल्लत भले भले करतात.)

एका उन्हाळ्यात, लाइट गेलेली असताना, मुलीनं आजोबांना आपलं काम समजावून सांगितलं. रोज रात्री सगळ्याची नकल होते, नकल झाल्याचा निरोप येतो.

“नकल कोण ताडून पाह्यते?” आजोबांनी विचारलं.

“ताडून म्हणजे?”

“म्हणजे मुळाशी लावून वाचते कोण?”

कोणीच नाही, असं ती म्हणाली. आजोबांनी पंखा हलवायचा थांबवला आणि तिला धवलेची गोष्ट सांगितली. पोथीवाले ती सांगायची एकही संधी सोडत नाहीत.

धरसेनाचार्य गिरनारला राहत. आगमांचं जे ज्ञान उरलं होतं ते त्यांच्या एकट्याच्या स्मरणात होतं. आपल्यामागे ते जाईल या धास्तीनं त्यांनी दोन मुनी बोलावून घेतले, पुष्पदंत आणि भूतबली. (हा पुष्पदंत कवी पुष्पदंताच्या कितीतरी आधीचा.) त्या दोघांनी ते ग्रंथात उतरवलं, तो षट्खंडागम. त्यावर नवव्या शतकात वीरसेनांनी धवला टीका लिहिली. पुढं या ग्रंथाच्या प्रती उरल्या फक्त कर्नाटकात, मूडबिद्रीला, जुन्या कन्नड लिपीतल्या ताडपत्रांवर. दर्शनाला ठेवायच्या, वाचायच्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं नकलेचं काम सुरू झालं. त्यातली एक नकल गुपचूप बाहेर आली, आणि तिच्या नकलांच्या नकला गावोगाव गेल्या. एक कारंज्यालाही आली. हिरालाल जैनांनी 1939 साली अमरावतीहून पहिला खंड छापला तेव्हा त्यांच्यासमोर अमरावती, आरा आणि कारंजा इथल्या प्रती होत्या. ताडपत्रं नव्हती.

“तिन्ही प्रती एकमेकींशी जुळत होत्या,” आजोबा म्हणाले. “जुळणारच. एकाच आईच्या लेकी त्या. पण त्र्याण्णवाव्या सूत्राशी संपादक अडले. अर्थ लागेना. इथं ‘संजद’ हा शब्द असायले पाहिजे असं त्यांनी तळटीपेत लिहिलं. लई वाद झाला त्याच्यावर. मग मूडबिद्रीची ताडपत्रं पाह्यली. शब्द होता! त्याच्या आधीचा शब्द ‘संजदासंजद’. नकल करणाऱ्याले वाटलं असंल, हे तं आत्ताच लिहिलं. एकाची नजर घसरली, आन् पुढच्या साऱ्यांनी ती चूक इमानदारीनं उतरवली.”

मुलगी दुसऱ्या दिवशी भाऊंकडे गेली. एक जुनी पण धड मशीन आणि एक शनिवार-रविवार पाहिजे; बॅकअपवरून सगळा सर्व्हर नव्यानं उभा करून पाहते, म्हणाली.

“काहून? यशस्वी असा निरोप रोज येते ना?”

“तो नकल झाल्याचा निरोप आहे, भाऊ.”

“मग झालं तं! मे महिना चालू हाये, बियाण्याची ने-आण सुरू हाये, आन् तुले खेळ सुचते.”

भाऊंसमोर ओलं गोणपाट उलगडलेलं होतं. त्यात दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, काहींना शेपट्या फुटलेल्या. सोयाबीनचं कवच नाजूक, मळणीत आपटलं की अंकुर दुखावतो आणि वरून दाणा टपोराच दिसतो. 2020 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात कित्येकांचं पेरलेलं उगवलं नव्हतं. तेव्हापासून भाऊ एकही लॉट असा पाहिल्याशिवाय सोडत नसत.

“शंभरातले किती उगवले?” मुलीनं विचारलं.

“बहात्तर. पास. सत्तरच्या वर पाहिजे.”

“पोतं तर शिवलेलं होतं. टॅगही लावलेला होता. मग कायले पाह्यलं?”

भाऊंनी गोणपाट हळूहळू गुंडाळलं. मशीन मिळाली. शनिवार-रविवारही.

पहिल्या शनिवारी काहीच उगवलं नाही. बॅकअपच्या फायली शाबूत होत्या, पण कुलूपबंद. डेटाबेसचा बॅकअप प्रमाणपत्र वापरून एन्क्रिप्ट करायची सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2014 च्या आवृत्तीपासून आहे. सर्व्हर बसवून देणाऱ्यानं ती सुरू केली होती, चांगलंच केलं होतं. फक्त त्या प्रमाणपत्राची किल्ली त्या एकाच सर्व्हरच्या पोटात होती. म्हणजे सर्व्हर जळाला असता तर हिरवे निरोप आलेल्या सगळ्या रात्री एका झटक्यात बिनकामाच्या. मुलगी त्या रात्री जेवली नाही. सकाळी तिनं किल्ली काढून घेतली, एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, दुसरी वाशिमला.

दुसऱ्या खेपेला डेटाबेस उघडला, पण शेअरपॉइंट त्याला जोडून घेईना. नव्या मशीनवर चढवलेली आवृत्ती जुन्या मशीनवरच्यापेक्षा मागची होती. पुढच्या आवृत्तीतला डेटाबेस मागच्या आवृत्तीत बसत नाही. ते निस्तरलं. मग सगळे कागद दिसले, पण फक्त तिला. बाकी कोणालाच दार उघडेना. वाशिमच्या माणसाचं नाव तेच, पासवर्ड तोच, तरी तो परका. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. परवानग्या माणसाच्या नावाला चिकटलेल्या नसतात, नावामागच्या एका लांबलचक अंतर्गत क्रमांकाला चिकटलेल्या असतात. तीच नावं टाकून खाती नव्यानं उघडली की क्रमांक बदलतात. खाती ठेवणारा डोमेन सर्व्हरच बॅकअपमध्ये नव्हता. तो वेगळा डबा, कोपऱ्यात ठेवलेला, कोणाच्या यादीतच नाही.

आणि बिल मंजुरीचा फॉर्म? तो तर आलाच नाही. तो कोणीतरी कंपनीसाठी मुद्दाम लिहून दिलेला प्रोग्राम होता, डेटाबेसच्या बाहेर बसवलेला. शोधायची सूची आली नाही याचं मात्र तिनं मनावर घेतलं नाही. ती नव्यानं बनवता येते. काय परत मिळवावं लागतं आणि काय परत तयार होतं, यातला फरक कळणं हे या कामातलं अर्धं शहाणपण आहे असं मला वाटतं. घाबरलेला माणूस सगळंच वाचवायला धावतो आणि किल्ली विसरतो.

जुलैपर्यंत तिनं एक वही भरली. आधी डोमेन, मग एसक्यूएल, मग किल्ली, मग त्याच आवृत्तीचं शेअरपॉइंट, मग फॉर्मचा प्रोग्राम, शेवटी डेटाबेस. रात्रीची नकल ऑफिसातल्या डिस्कवर राही तशी इंटरनेटवरून वाशिमच्या गोदामातही जाऊ लागली. ऑफिसातल्या डिस्कवर दर पंधरा मिनिटांनी उतरणारे व्यवहारही वाशिमला पाठवू, असं ती म्हणाली. नेटचं बिल पाहून भाऊ म्हणाले, सीझन झाल्यावर पाहू.

सीझन संपायच्या आधी वीज आली. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, दुपारी चारचा सुमार, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग. वीज पडली काट्याच्या केबिनजवळ. यूपीएस होता, अर्थिंग होतं, पण काट्यापासून ऑफिसपर्यंत तांब्याची नेटवर्क केबल टाकलेली होती आणि तिच्यावर कोणाचाच पहारा नव्हता. सर्व्हर गेला. एकमेकींच्या जुळ्या असलेल्या त्याच्या दोन्ही डिस्क गेल्या. शेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्कही गेली, आणि तिच्यावरचे पंधरा-पंधरा मिनिटांचे व्यवहारही.

भाऊ मुलीकडे पाहत राहिले. मुलीनं वही काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाशिमच्या नकलेवरून सर्व्हर उभा राहिला. लोक म्हणाले, चमत्कार. तो चमत्कार उन्हाळ्यात दोनदा फसून झाला होता. पण नकल पहाटे तीनची. त्यानंतरची अख्ख्या दिवसाची खरेदी कुठेच नव्हती. कोणाचे किती क्विंटल, ओलावा किती, कोणाला बारा टक्क्यांच्या वर म्हणून किती घट लावली, काही नाही.

भाऊंनी गावोगाव निरोप धाडले : त्या दिवशी ज्यांनी माल दिला त्यांनी काट्याची पावती घेऊन या. शेतकरी आले. कोणी पावती डायरीत ठेवली होती, कोणी टोपीत, एकानं देवघरात. ओलसर, चुरगळलेल्या पावत्यांवरून दोन पोरं दिवसभर रजिस्टर भरत बसली. एवढ्या शिस्तीत आखलेल्या नकलांमध्ये ही एक नकल कोणीच मोजली नव्हती.

गर्दीत मानोऱ्याकडचा एक जण आला. त्याचा माल दोन दिवस आधीचा, म्हणजे त्याची नोंद शाबूत होती.

“काका, तुमचं आहे आमच्याकडे,” मुलगी म्हणाली.

“असंल. पण पाहून घ्या ना बाई, आलोच हावो तं.”

रजिस्टरात चौदा क्विंटल ऐंशी किलो. पावतीवर अठरा चाळीस.

मुलगी घाईनं वाशिमची आदल्या रात्रीची नकल उघडून बसली. चौदा ऐंशी. त्याच्या आदल्या रात्रीची, चौदा ऐंशी. बॅकअपनं काही खाल्लं नव्हतं. काट्यावरून रजिस्टरात आकडा उतरवताना कोणाची तरी बोटं घसरली होती, आणि पुढच्या प्रत्येक नकलेनं तो आकडा बिनचूक जपला होता. भाऊंनी पावती उजेडात धरली, काट्याच्या छापाची खात्री केली आणि साडेतीन क्विंटलांहून जास्त मालाचे उरलेले पैसे तिथंच मोजून दिले. त्या दिवसापासून पावत्या आणि रजिस्टर महिन्यातून एकदा ताडून पाहायचं ठरलं. आजोबांना हे कळलं तेव्हा ते खूश होऊन एवढंच म्हणाले, “संजद सापडला म्हण की.”

दिवाळीनंतर व्यवहारांच्या नकला वाशिमला जाऊ लागल्या, काट्याची केबल बदलून फायबर आली. भाऊंनी सभेत हिरव्या निरोपांची यादी फिरवणं बंद केलं. त्याऐवजी विचारलं, “पुढची चाचणी कधी?”

“फेब्रुवारीत,” मुलगी म्हणाली. “पण मी नसणार.”

“काहून? कुठं चालली तू?”

“कुठंच नाही. घरीच राहीन, फोन बंद करून. गोदामातल्या पोरानं वहीवरून उभा करायचा.”

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी पोरानं वही उघडली. डोमेन झालं, एसक्यूएल झालं, लॉकरमधली किल्ली लागली. दुपारी तो सतराव्या पानावर आला आणि थांबला. भाऊ चहा घेऊन डोकावले.

“काय झालं बे?”

पोरानं वही त्यांच्यापुढे सरकवली. मुलीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : यानंतर सेटिंग नेहमीप्रमाणे करावे.

“नेहमीप्रमाणे म्हणजे कसं, भाऊ?”

भाऊंनी खिशातला पेन काढून त्या ओळीभोवती मोठा गोल काढला.