बोट कुठे बांधायची?

आमच्या एका मित्राने गेल्या वर्षी चौतीस फुटी शिडाची बोट घ्यायचं ठरवलं. वापरलेलीच, पण किंमत १,६०,००० डॉलर्स. मराठी माणूस आणि यॉट! मंडळाच्या संक्रांतीला गुळाच्या पोळीपेक्षा तिचीच चर्चा जास्त झाली. जेवणानंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू कन्सल्टंट ना? मग सांग, सेल्स टॅक्स कसा वाचवायचा?" आयटी कन्सल्टंटला लोक काहीही विचारतात, त्याची आता सवय झाली आहे.

हिशेब सोपा होता. आमच्या मॅसॅच्युसेट्सचा दर ६.२५ टक्के, म्हणजे १०,००० डॉलर्स. शेजारच्या ऱ्होड आयलंडने मात्र बोटींच्या धंद्याला उभारी यावी म्हणून १९९३ पासून हा कर माफ केला आहे. फ्लोरिडात बोट केवढीही घ्या, राज्याचा कर १८,००० डॉलर्सच्या वर जात नाही. न्यूयॉर्कमध्ये किमतीच्या पहिल्या २,३०,००० डॉलर्सवरच कर. म्हणजे बोट जितकी मोठी तितकी सवलत मोठी!

खरी मेख यूज टॅक्सची. बोट कुठेही घेतलीत तरी ती आपल्या राज्यात आणून वापरली, की राज्य आपला कर मागतं. दुसरीकडे भरला असेल तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे बोट खरोखर न्यूपोर्टला ठेवून तिथेच वापरली तर ठीक. कागदोपत्री तिथे आणि दर शनिवारी बॉस्टन हार्बरमध्ये, ही चोरी.

२०१० साली सिनेटर जॉन केरी यांची सुमारे ७० लाख डॉलर्सची यॉट न्यूपोर्टला उभी असल्याचं वर्तमानपत्रांत गाजलं. आपण कर देणं लागत नाही असं म्हणतच त्यांनी सुमारे ५ लाख डॉलर्स भरायचं मान्य केलं. कायद्याआधी लोकलाज आडवी आली, असं मला वाटतं.

कर कमीत कमी बसेल अशी व्यवस्था करण्यात गैर काही नाही, असं न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी १९३४ मध्ये म्हटलं होतं. हे वाक्य टॅक्सवाले नेहमी ऐकवतात. पण त्याच खटल्यात करदात्या बाई हरल्या, हे कोणी सांगत नाही. त्यांनी उभी केलेली कंपनी केवळ कागदावरची होती.

हे सगळं मी मित्राला रंगवून सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "तू टीव्ही न्यू हॅम्पशायरमधून आणलास, कारण तिथे सेल्स टॅक्स नाही. आपल्या राज्याच्या फॉर्मवर यूज टॅक्सची ओळ असते. तिथे काय लिहितोस?"

शून्य. दरवर्षी शून्य.

घरी येताना जकात नाका आठवला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बाबांनी मुंबईहून नवा मिक्सर घेतला होता. पुण्याच्या नाक्यावर एसटी थांबली, आणि कोणी विचारायच्या आत बाबा खोकं घेऊन उतरले. पावती होईपर्यंत गाडी खोळंबली. कंडक्टर वैतागला, मागचे कुणीतरी हसले. मला बाबांची लाज वाटली होती.

टीव्ही आणि बोट यांत फरक आहेच, शंभर डॉलर्स आणि दहा हजारांत असतो तेवढा. पण शाळा चांगल्या म्हणून याच गावात घर घेतलं, असं मी सगळ्यांना सांगतो. त्या शाळांचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न मला बोटवाल्यांच्याच बाबतीत सुचत होता.

मित्राने बोट खरोखरच न्यूपोर्टला ठेवली. दर शनिवारी दीड तास गाडी हाकत जातो. वाचलेला कर पेट्रोलमध्ये जिरेल असं त्याची बायको म्हणते. मी एप्रिलमध्ये पावत्या काढून बसलो. २,४०० डॉलर्सच्या निघाल्या. त्या ओळीत १५० लिहिले.

"आणि मागच्या पंधरा वर्षांचं काय?" सौ.ने चहा ठेवताना विचारलं. मी पावत्या पुन्हा पाकिटात भरत राहिलो.