ताटीबाहेरची मुक्ताई



आळंदीची ती गोष्ट आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. लोकांच्या निंदेने मन विषण्ण झाले आणि ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. परंपरा सांगते की त्या वेळी ताटीबाहेर उभी राहिली ती चौघा भावंडांतली सर्वांत धाकटी मुक्ताबाई. तिने ताटी मोडली नाही, की कंटाळून ती निघूनही गेली नाही. ती तिथेच उभी राहून बोलत राहिली, दार उघडण्याची विनवणी पुन्हा पुन्हा करत राहिली. तेच ताटीचे अभंग.

आज ही गोष्ट आठवण्याचे कारण असे, की अनेक घरांत, वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत आज मुक्ताईच आत बसलेली आहे. सतरा-अठरा वर्षांची, बावीस-पंचवीस वर्षांची. परीक्षा, नोकरी, लग्नाचा तगादा, परक्या शहरातला एकटेपणा, कधी कुणाला सांगता न येणारा छळ. तिने ताटी लावून घेतली आहे. बाहेर कोण उभे आहे?

माझ्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी बेंगळुरूमधल्या आपल्या मराठी सत्संगाची सेवा माझ्याकडे होती. लातूर जिल्ह्यातून नोकरीसाठी आलेली एक मुलगी दर रविवारी येत असे. फुले मांडायची, भजनात खुला आवाज लावायची. हळूहळू ती मागे बसू लागली, मग उशिरा येऊ लागली. एकदा सतरंज्या गोळा करताना ती मला म्हणाली, "ताई, रात्र रात्र झोप लागत नाही. जपाला बसले की रडू येतं. देवाला मी नकोशी झाले आहे का?"

प्रसाद वाटायचा राहिला होता, मी घाईत होते. मी म्हणाले, "असा विचार करू नये बाळ. जप वाढव, सगळं ठीक होईल."

पुढचे तीन रविवार ती आली नाही. मग तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. तिने कामावर जाणे सोडले होते, जेवण टाकले होते, आणि 'मी नसले तर सगळ्यांनाच बरं' असे ती बोलू लागली होती. आम्ही दोघी तातडीने गेलो. त्या रात्री तिला एकटे सोडले नाही. सकाळी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले, औषधे आणि समुपदेशन सुरू झाले. काही महिन्यांनी ती सावरली, आज ती कामावर आहे, भजनातही आहे. पण बरी झाल्यावर ती जे बोलली ते मी विसरू शकत नाही: "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून मी जप वाढवला. तरी बरं वाटेना. तेव्हा वाटलं, माझी भक्तीच खोटी आहे."

तिच्या आजारावर मी अपराधाचे ओझे चढवले होते, तेही देवाच्या नावाने. तुमच्याकडून असे घडू नये म्हणून हे लिहीत आहे.

भगवंतांनी काय केले

गीतेचा पहिला अध्याय विषादाचा आहे. अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग कापते, त्वचेचा दाह होतो, हातातून गांडीव निसटते, मन भ्रमल्यासारखे होते. तो दुबळा नव्हता, अभक्तही नव्हता. प्रत्यक्ष भगवंत ज्याचे सारथी, त्यालाही हे झाले. मग आपल्या लेकीला झाले तर तिची श्रद्धा कमी पडली, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणखी एक गोष्ट पाहा. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत अर्जुनाला खडसावतात. त्याने अर्जुन उठला का? नाही. 'मी लढणार नाही' म्हणून तो गप्प बसला. त्यानंतरचा जो दीर्घ संवाद झाला, त्याने तो उभा राहिला. त्या संवादात अर्जुनाने शंका विचारल्या, तेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि भगवंतांनी त्याला कुठेही तोडले नाही. शेवटी तर 'विचार कर आणि तुला योग्य वाटेल तसे कर' असे म्हणून निर्णय त्याच्यावर सोपवला. आपण मात्र खडसावण्यापाशीच थांबतो आणि संवाद झाला असे समजतो.

आजार ओळखावा कसा

दुःख प्रत्येकाला होते. ते येते आणि ओसरते. पण उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप आणि भूक बिघडली, आवडीच्या गोष्टींत मन लागेना, कामे होईनात, छातीत धडधड होऊन जीव घाबरा होऊ लागला, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचे बोलणे सुरू झाले, तर जाणकाराची मदत हवी. शेवटचे लक्षण दिसले तर दोन आठवडेही थांबू नये.

मधुमेह झालेल्या साधकाला आपण औषध सोडून फक्त जप करायला सांगत नाही. मनाच्या आजारालाही तोच न्याय लावावा. उपचार आणि उपासना बरोबर चालू शकतात. मात्र तीव्र आजारात दीर्घ मौन, तासन् तास ध्यान किंवा कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. नवरात्र असो वा चातुर्मास, औषधाची वेळ चुकवू नये आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

दाराशी उभे कसे राहावे

मुक्ताबाई धाकटी बहीण होती. मनातले बोलण्यासाठी मुलींनाही बहुधा वडीलधाऱ्यांपेक्षा बरोबरीची, जवळची मैत्रीणच सोपी वाटते. नाशिक जिल्ह्यातील गावांत सुरू होऊन पुढे गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात गेलेला 'आत्मीयता' हा प्रकल्प याच विचारावर उभा आहे: गावातलीच माणसे थोडे प्रशिक्षण घेऊन शेजाऱ्यांचे ऐकतात आणि गरज पडली तर पुढच्या उपचाराकडे पोहोचवतात. 2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही 10 ते 19 वयोगटासाठी त्याच वयाचे 'साथी शिक्षक' निवडले जातात.

आपल्या प्रत्येक केंद्रात हे शक्य आहे. महिन्यातून दोनदा सत्संगानंतर सहा-आठ मुली तासभर गोल करून बसाव्यात. एक अनुभवी ताई सोबत असावी. नियम थोडेच ठेवावेत. इथे बोललेले बाहेर जाणार नाही. बोलणारीला मध्ये तोडायचे नाही. तिने मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. कुणाला गप्प बसायचे असेल तर गप्प बसू द्यायचे. 'तुझ्यापेक्षा किती लोक दुःखी आहेत बघ' हे वाक्य तर कधीच उच्चारायचे नाही.

एखादी मुलगी जिवावर उदार झाल्यासारखे बोलली, तर सरळ आणि प्रेमाने विचारा, "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट कुणीतरी विचारले याने मन हलके होते. उत्तर 'हो' असेल तर गुप्ततेचा नियम तिथे संपतो, आणि हे तिला स्पष्ट सांगावे. तिला एकटे सोडू नये, इजा होईल अशा वस्तू आणि औषधे दूर करावीत, तिच्या विश्वासातल्या माणसाला बोलवावे आणि रुग्णालय गाठावे. तातडीसाठी 112 हा क्रमांक आहे.

ऐकणारीनेही लक्षात ठेवावे की आपण वैद्य नाही. आपली सेवा दार उघडेपर्यंत सोबत राहण्याची आणि पुढे योग्य हातांत पोहोचवण्याची आहे. आपल्याच मनावर भार येऊ लागला तर तोही कुणापाशी बोलावा.

मदत कुठे मिळते

10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक 14416. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि भाषा निवडता येते. त्यांत मराठीही आहे. इंदूर, हैदराबाद किंवा बेंगळुरूत राहणाऱ्या आपल्या मुलींना आपल्या बोलीत मन मोकळे करता येणे ही लहान गोष्ट नाही. घरातल्या किंवा बाहेरच्या छळाने मन खचले असेल तर महिलांसाठी 181 आणि अठरा वर्षांखालील मुलींसाठी 1098 हे क्रमांक आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' चालतात.

'लोकांना कळले तर लग्न कसे जमेल' ही आई-वडिलांची भीती मी समजू शकते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळण्याचा आणि माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे मानून शिक्षेऐवजी काळजी आणि उपचार द्यावेत, हेही त्या कायद्यात आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कुणी रुग्णालयात नेणे टाळू नये. लग्न उशिरा झाले तरी चालेल, लेक तर घरात हवी.

या आठवड्याचा संकल्प

आपल्या केंद्रात पूर्वी नियमित येणारी आणि अलीकडे दिसेनाशी झालेली एक मुलगी आठवा. तिला फोन करा. 'सत्संगाला का येत नाहीस' असे विचारू नका. 'तुझी आठवण आली, कशी आहेस?' एवढेच विचारा आणि मग ऐका. ती 'बरी आहे' म्हणून फोन ठेवेल, तर चार दिवसांनी पुन्हा करा. मुक्ताबाईनेही एकदाच हाक मारली नव्हती.

आणि हे वाचणारी तूच जर ताटीच्या आत असशील, तर बाळ, एवढे ऐक. तुला जप जमत नाही म्हणून देव रागावलेला नाही. रडू येते तर त्याच्यापुढे रड. आणि आजच एका माणसाला सांग: मैत्रिणीला, आईला, केंद्रातल्या ताईला, नाहीतर 14416 वरच्या त्या अनोळखी आवाजाला. ताटी पूर्ण उघडता येत नसेल तर थोडीशीच किलकिली कर. बाहेर आम्ही उभ्या आहोत.

हरि ॐ.