मागे घेणं आणि मागून घेणं

साठेखत झालं, विसार दिला, आणि खरेदीखताच्या दिवशी जमीन विकणारा फिरला. घेणाऱ्याने करारपूर्तीचा दावा लावला. पुरावा सुरू झाल्यावर कळलं, की वादपत्रात गट नंबरच चुकलाय. जुना सर्व्हे नंबर एकत्रीकरणात कोणत्या गटात गेला हे बघताना शेजारचा गट लिहिला गेला. पुरावा सुरू झाल्यावर वादपत्रात दुरुस्ती मिळणं अवघड. मग सल्ला येतो, "दावा काढून घ्या, नवा लावू." वाक्य एक, पण गोष्टी दोन आहेत.

पहिली, दावा मागे घेणं. हा वादीचा हक्क. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, आदेश २३, नियम १ प्रमाणे दावा केव्हाही सोडता येतो. वादी अज्ञान असेल तर कोर्टाची परवानगी लागते, सहवादी असतील तर त्यांची संमती. एरवी पुरशीस, म्हणजे कोर्टाला तसं लेखी निवेदन, दिलं की झालं.

दुसरी, परत येण्याची मुभा. ती मात्र मागून घ्यावी लागते. न मागता निघून गेलात तर त्याच विषयावर पुन्हा दावा लावता येत नाही. शिवाय खर्च बसू शकतो तो वेगळाच.

इथे थोडं थांबायला हवं. दाव्यात निर्णय तर कशाचाच झालेला नाही. एकदा निवाडा झालेला वाद पुन्हा उकरायचा नाही, हे कलम ११ चं तत्त्व इथे लागत नाही. मग दार बंद का? कारण समोर प्रतिवादी उभा आहे. त्याने वकील लावला, कैफियत दिली, तारखांना तालुक्याला खेटे घातले, उलटतपासात वादीच्या साक्षीतली भोकं दाखवली. ती दिसल्यावर वादीने डाव मोडायचा, भोकं बुजवायची आणि नवा मांडायचा, असं चाललं तर प्रतिवादीला सुटकाच नाही. म्हणून कारण खरं आहे का, याची खात्री करूनच मुभा देणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली के. एस. भूपती विरुद्ध कोकिला या प्रकरणात बजावलं.

कारणं दोन तऱ्हेची चालतात. दावा ज्यामुळे फेटाळलाच जाईल असा एखादा औपचारिक दोष, किंवा नव्या दाव्यासाठी दुसरं पुरेसं कारण. औपचारिक म्हणजे वादाच्या गाभ्याशी संबंध नसलेला. सरकारला कलम ८० ची नोटीस दिली नाही, मूल्यांकन चुकलं, मिळकतीच्या ओळखीत घोळ झाला, असले दोष. आपल्या गट नंबरवाल्याला इथे आशा आहे. साक्षीदार फिरला, हा मात्र औपचारिक दोष नव्हे. ते नशीब.

आणि हा अर्ज अर्धा मंजूर होत नाही. मुभा नाकारायची तर अख्खा अर्ज नाकारायचा आणि दावा पुढे चालवायचा, असंच उच्च न्यायालयांनी सांगितलं आहे. वादीने परतीच्या वाटेसह निरोप मागितला होता. नुसता निरोप देऊन त्याला घालवता येत नाही.

समजा, मुभा मिळाली. पेढे वाटण्याआधी त्याच आदेशातला नियम २ वाचावा. नव्या दाव्याची मुदत, जणू पहिला दावा कधी लागलाच नव्हता, अशी मोजायची. करारपूर्तीला मुदत तीन वर्षांची. खरेदीखताची ठरलेली तारीख १ जून २०१२, दावा २०१३ मध्ये लावला, मुभेसह काढून घेतला २०१८ मध्ये. मुदत २०१५ सालीच सरली होती. कोर्टात काढलेली पाच वर्षं मुदतीच्या हिशेबातून वजा होत नाहीत. मुदत अधिनियमाच्या कलम १४ ची सवलत आहे, पण कोर्टाला अधिकारक्षेत्रच नसणं किंवा तशाच जातीचा दोष असेल तर. चुकलेला गट नंबर त्यात बसवणं कठीण.

तेव्हा त्या अर्जावर सही करण्याआधी वकीलसाहेबांना एवढंच विचारा, "आज नवा दावा लावला, तर तो मुदतीत बसतो का?"