जनुकांचा शेजार

मलकापूरची नळगंगा पुढे जाऊन पूर्णेला मिळते. पूर्णेच्या दोन्ही थड्यांवर, खारपाणपट्ट्यात, भुरकट अंगाची एक म्हैस पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं तिची ‘पूर्णाथडी’ या नावानं स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. बुलढाणा, अकोला, अमरावती हा तिचा मुलूख. तिच्या शेजारच्याच खुंट्याला गाय बांधलेली असते. दोघींना कडबा एकच, हौदही एकच. गायीच्या पेशीत मात्र ६० गुणसूत्रं आणि म्हशीच्या पेशीत ५०.

दहाचा फरक ऐकायला केवढा तरी वाटतो. आता गुणसूत्रांचे बाहू मोजू. लिंगगुणसूत्रं बाजूला ठेवली तर म्हशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या उरतात. त्यांपैकी पाच जोड्या मोठ्या, दोन बाहूंच्या. उरलेल्या १९ एका बाहूच्या. पाच दुणे दहा, अधिक एकोणीस, एकूण एकोणतीस. गायीतही लिंगगुणसूत्रं वगळून २९ जोड्याच भरतात, सगळ्या एका बाहूच्या, आणि म्हशीचा प्रत्येक बाहू गायीच्या कुठल्या ना कुठल्या गुणसूत्राशी जुळतो. गायीत सुट्या असलेल्या गुणसूत्रांच्या दहा जोड्या म्हशीत दोन-दोन करून सांधल्या गेल्या आहेत, एवढाच काय तो मामला. जनुकं बहुतांशी तीच, फक्त त्यांची मांडणी बदललेली.

या मांडणीला उत्क्रांतीत काही अर्थ आहे का? शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचं उत्तर तीन-चारदा फिरलं आहे, आणि माझ्या मते हे फिरणं त्या त्या वेळच्या उत्तराहून जास्त शिकवून जातं.

सुरुवात नाकतोड्यापासून झाली. वॉल्टर सटन हा कॅन्ससच्या शेतकरी घरातला मुलगा. तिकडच्या एका धिप्पाड नाकतोड्याच्या वृषणातल्या पेशी तपासताना त्याला दिसलं, की गुणसूत्रं जोडीनं येतात, जोडीतली दोन एकमेकांपासून सुटतात आणि शुक्रपेशीत त्यातलं एकेकच उतरतं. मेंडेलचे ‘घटक’ नेमके असेच वागतात, हे त्यानं १९०२-०३ मध्ये लिहून टाकलं. आपल्याकडेही बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या कित्येकांनी हा प्रयोग केलेला आहे. रस्त्याकडेच्या रुईवर पिवळ्या-निळ्या रंगाचा जो टोळ बसतो, त्याच्यावर. नराचं वृषण काचपट्टीवर घ्यायचं, अ‍ॅसिटोकार्मिनचा थेंब टाकायचा, वर कव्हरस्लिप आणि टिपकागद ठेवून अंगठ्यानं दाबायचं. दाब कमी पडला तर पेशी एकावर एक बसतात, जास्त झाला तर काच तडकते. जमलं तर सूक्ष्मदर्शकात लालसर काड्या दिसतात, नऊ जोड्या आणि एक एकटी. म्हणजे १९. ती एकटी काडी म्हणजे एक्स गुणसूत्र. या टोळाच्या नरात त्याला जोडीदारच नसतो.

गुणसूत्रांवर जनुकं असतात हे ठरल्यावर ती कोणत्या क्रमानं असतात हा पुढचा प्रश्न आपसूक आला. न्यूयॉर्कला फळमाश्यांवर काम करणाऱ्या मॉर्गनच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा विद्यार्थी होता. दोन जनुकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकी ती पुढच्या पिढीत वेगळी पडण्याची शक्यता जास्त, एवढ्या साध्या तर्कावर त्यानं अभ्यास बाजूला सारून एका रात्रीत फळमाशीच्या एक्स गुणसूत्राचा नकाशा काढला. तो १९१३ मध्ये छापून आला. त्यात सहाच जनुकं होती. पण त्या वेळी हा क्रम म्हणजे निव्वळ पत्ता होता. अमुक जनुक तमुक ठिकाणी राहतं, बस्स. पत्ता बदलला म्हणून राहणाऱ्याचा स्वभाव बदलतो, असं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

या समजुतीला पहिला धक्का स्टर्टेव्हंटनंच दिला. १९२१ मध्ये त्यानं दाखवलं, की फळमाशीच्या दोन अगदी जवळच्या प्रजातींत तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा उलटा बसलेला आहे. १९२५ मध्ये त्यानं आणखी एक विचित्र गोष्ट मांडली. माशीचा डोळा लहान करणाऱ्या एका जनुकाच्या दोन प्रती एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असल्या तर डोळा जास्त लहान होतो. त्याच दोन प्रती दोन गुणसूत्रांवर विभागल्या तर तितका होत नाही. प्रती तितक्याच, फरक फक्त शेजाराचा.

पुढे थिओडोसियस डोब्झान्स्कीनं कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतल्या फळमाश्या पकडून असे उलटे तुकडे मोजायला घेतले. त्यांचं प्रमाण ऋतूनुसार कमी-जास्त होत होतं. म्हणजे नैसर्गिक निवडीचं बोट त्यांच्यावर होतं. कारण आता पाठ्यपुस्तकात सापडतं. जोडीतल्या एका गुणसूत्रात तुकडा सुलटा आणि दुसऱ्यात उलटा असेल, तर त्या भागात दोघांची देवाणघेवाण जवळपास बंद पडते. झालीच तर बीजपेशी सदोष निघते. त्यामुळे उलट्या तुकड्यातली शेकडो जनुकं एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. चांगली जमलेली जनुकं फुटत नाहीत आणि वाईट जनुक आत शिरलं तर तेही बाहेर पडत नाही. मांडणीची खरी ताकद इथे आहे असं मला वाटतं. जनुकानं काय करायचं हे मांडणी क्वचितच सांगते. त्यानं कुणाबरोबर प्रवास करायचा हे मात्र तीच ठरवते.

याचा मासला हिवाळ्यात आपल्याकडेही उतरतो. जायकवाडी, नांदूरमध्यमेश्वर अशा पाणथळींवर रफ नावाचा चिखलात चोच मारणारा पक्षी येतो. इथे तो मातकट, कुणाचं लक्षही जाणार नाही असा. उत्तरेकडे विणीच्या मैदानात मात्र याच जातीचे नर तीन तऱ्हांचे असतात. काही गडद पिसांची झालर फुलवून जागेसाठी भांडतात. काही पांढरट झालरीचे, ते भांडत नाहीत, भांडणाऱ्याच्या आसपास राहून संधी साधतात. आणि थोडे नर हुबेहूब मादीसारखे दिसतात, गर्दीत बेमालूम मिसळतात. रंग, आकार, संप्रेरकं, वागणूक असं सगळं एकदम बदलणारी ही तीन पॅकेजं कशी टिकून राहतात, हे कोडं २०१६ मध्ये सुटलं. सुमारे ३८ लाख वर्षांपूर्वी एका गुणसूत्रावरचा सुमारे ४५ लाख डीएनए-अक्षरांचा, शंभराहून जास्त जनुकांचा तुकडा उलटला, तेव्हापासून तो गठ्ठा क्वचितच फुटला आहे. त्याची किंमतही आहे. उलटताना तुकड्याचं एक टोक एका आवश्यक जनुकाच्या मधोमध तुटलं. म्हणून दोन्ही पालकांकडून उलटाच तुकडा मिळाला तर पिल्लू जगत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र गाडी दुसऱ्या टोकाला गेली. मायकेल व्हाइट यांनी १९७८ च्या ग्रंथात असं मांडलं, की प्रजाती वेगळ्या पडण्यामागे बहुतेक वेळा गुणसूत्रांतला बदलच असतो. घोड्याची ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३ आणि खेचर वांझ. उदाहरण तोंडपाठ झालेलं, म्हणून पटायलाही सोपं. पण अडचण उघड आहे. बदललेलं गुणसूत्र पहिल्यांदा ज्या प्राण्यात येतं, त्याची पिल्लं होण्याची शक्यताच जर घटत असेल, तर तो बदल पसरणार कसा?

म्हशींनीच या सिद्धांताला थोडं वाकवलं. आपल्या म्हशी नदीच्या गोत्रातल्या, ५० गुणसूत्रांच्या. आसामपासून पूर्वेकडे चीन आणि आग्नेय आशियापर्यंत दलदलीची म्हैस आढळते, तिची ४८. नदीच्या म्हशीतली दोन गुणसूत्रं तिच्यात टोकाला टोक लागून एक झालेली. दोघींच्या संकराला ४९ येतात. विषम आकडा असूनही ही संकरित म्हैस गाभण राहते, दूध देते; जननक्षमता थोडी घटते इतकंच. उलट गाय-म्हशीचा संकर होतच नाही. त्याचं खापर ६० आणि ५० वर फोडणं चूक आहे. प्रयोगशाळेत म्हशीच्या बीजांडाचं बैलाच्या शुक्रपेशीशी फलन करून पाहिलं तेव्हा भ्रूण पहिल्या काही विभाजनांपलीकडे गेलेच नाहीत. तिथे अडते ती जनुकांची भाषा, गुणसूत्रांची गणती नव्हे.

आणि भेकर तर सगळ्यांवर ताण. मलकापूरहून फार लांब नसलेल्या ज्ञानगंगा अभयारण्यात ते आहे. कुत्र्यासारखं भुंकतं, दिसतं क्वचित. डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के यांनी १९७० मध्ये भारतीय भेकराची गुणसूत्रं मोजली. मादीत सहा, नरात सात. सस्तन प्राण्यांत एवढा कमी आकडा दुसरा नाही. चिनी भेकराची ४६. भारतीय भेकरात एक्स गुणसूत्र तिसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं आहे. नरात दुसरं ‘तिसरं’ सुटं राहतं आणि वाय वेगळं, म्हणून सात. सुमारे पन्नास लाख वर्षांच्या आत जोडणीमागून जोडणी होत गेली आणि तरी दोन्ही भेकरं अंगानं, शिंगानं, सवयीनं सख्खी वाटतात. त्यांचा संकर बंदिवासात जन्माला आला, जगला. नर मात्र वांझ निघाला. इतकी उलथापालथ होऊनही शरीराला फारसा धक्का लागत नाही, याचा भेकराइतका रोखठोक पुरावा नाही.

मग मांडणीला महत्त्व नाही म्हणायचं? एडवर्ड लुईसनं १९७८ मध्ये फळमाशीत दाखवलं होतं, की शरीराचे खंड ठरवणारी जनुकं गुणसूत्रावर ज्या क्रमानं बसतात, त्याच क्रमानं ती पुढच्या-मागच्या खंडांत कामाला लागतात. अशा काही टोळ्या सामाईक कळींवर चालतात, म्हणून त्यांना फुटणं परवडत नाही. पण प्राण्याच्या हजारो जनुकांपैकी अशी थोडीच. उरलेल्यांचं काय, याचं उत्तर पूर्ण जीनोम वाचता येऊ लागल्यावर, २०२२ मध्ये ओलेग सिमाकोव्ह, डॅनिएल रोख्सार आणि सहकाऱ्यांनी दिलं. स्पंज, जेलीमासा, शिंपला यांच्यात जनुकांचे तेच २९ जुने गट ओळखू येतात. गटातला आतला क्रम पार विस्कटलेला, पण जे एका गुणसूत्रावर होते ते बहुतेक अजून एकाच गुणसूत्रावर, पन्नास कोटींहून जास्त वर्षं. (गायीच्या २९ जोड्यांशी याचा काहीही संबंध नाही, आकड्यांच्या योगायोगावर जगणारे लोक आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत.)

इथे एक बारीक पण मोलाचा भेद आहे. आडतीत तुरीचं आणि हरभऱ्याचं अशा दोन पोत्यांची तोंडं एकमेकांना शिवली तर उद्या ती उसवता येतात. पण दोन्ही एका ढिगात ओतून फावड्यानं उलथली, तर नंतर कितीही उलथलं तरी तूर एकीकडे आणि हरभरा एकीकडे होणार नाही. गुणसूत्रांचंही तसंच. जोडणी झाल्यावर आतली जनुकं मिसळली, की ती खूण कायमची. याच खुणेवरून २०२३ मध्ये एका जुन्या वादात वजनदार पुरावा पुढे आला. काही गट टिनोफोर या पारदर्शक समुद्री जीवात आणि प्राण्यांच्या एकपेशी भावकीत अजून वेगळे आहेत. स्पंजापासून आपल्यापर्यंत सगळ्यांत ते मिसळलेले. म्हणजे या पुराव्यानुसार प्राण्यांच्या झाडाला फुटलेली पहिली फांदी टिनोफोरांची, स्पंजाची नव्हे. दिसण्यावरून, एकेका जनुकाच्या अक्षरांवरून जे ठरत नव्हतं, त्यावर शेजारानं नवा उजेड टाकला.

इतकं जपलेलं काही असलं, की त्याला मोडणारा कुणीतरी निघतोच. तो आपल्या काळ्या मातीतच आहे. समुद्रातल्या केसाळ कृमींनी ते जुने गट बऱ्यापैकी सांभाळले. त्यांच्याच कुळातल्या गांडुळांनी आणि जळवांनी ते धुळीला मिळवले. २०२५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार समुद्र सोडून गोड्या पाण्यात आणि जमिनीवर येण्याच्या सुमारास त्यांच्या पूर्वजाचा जीनोम अल्प काळात तुकडे-तुकडे होऊन नव्यानं सांधला गेला, इतका की जुन्या गटांचा मागमूसही उरला नाही. या उलथापालथीनं त्यांना जमिनीवर येण्याची वाट मिळवून दिली, की तिच्यातून ते कसेबसे तगले, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पन्नास कोटी वर्षांचा शेजार मोडूनही गांडुळाचं काही अडलेलं दिसत नाही. कापसाच्या वावरात पहिल्या पावसानंतर त्याची मातीची ढेकळं वर येतातच.