किती भरायचे, कुठे थांबायचे

कापूरहोळहून भोरकडे वळलेली एसटी गतिरोधकावर आपटते आणि मागच्या बाकावरच्या सत्तरीच्या आजींच्या पाठीत कळ जाते. हाडे ठिसूळ झालेली असली, तर एवढ्या हिसक्यानेही मणका दबतो. घरी सगळे उसण भरली म्हणतात. बहुतेकींचे औषधे, विश्रांती आणि पट्ट्यावर निभावते. ज्यांचे दुखणे हटत नाही, त्यांच्यापैकी काहींना पुण्यात मणक्यात सिमेंट भरण्याचा सल्ला मिळतो. मग घरचे विचारतात, ते बाहेर आले तर?

प्रश्न रास्त आहे. दबलेल्या मणक्याची भिंत तडकलेली असते, शिवाय त्याच्या मागच्या बाजूने शिरा बाहेर पडतात. सिमेंट चकतीत झिरपले तर सहसा लगेच त्रास होत नाही. मज्जारज्जूच्या नळीत गेले तर पाय लुळे पडू शकतात, शिरेतून वाहिले तर फुफ्फुसात पोचते. फ्रान्समध्ये १९८४ साली गालिबेर आणि देरामाँ यांनी हा उपचार पहिल्यांदा केला, तेव्हापासून ही धास्ती त्याच्या सोबत आहे.

माझ्या मते गळतीवरचा खरा इलाज म्हणजे थांबता येणे. कालवलेले सिमेंट टूथपेस्टइतके घट्ट होईपर्यंत सर्जन थांबतो; थिएटर गार असेल तर जास्तच. मग थोडे थोडे ढकलायचे आणि प्रत्येक वेळी क्ष-किरणांच्या पडद्यावर बाजूने पाहायचे. सिमेंटात बेरियम असल्याने त्याची वाट दिसते. ते मणक्याच्या मागच्या चतुर्थांशाजवळ आले की पुरे. शिरेत रेघ उमटली की हात आवरायचा. मिनिटभरात पुढचे सिमेंट आळते, ती वाट बुजते, मग सुईचे टोक सरकवून पाहता येते. पुन्हा गळाले तर तिथेच आटोपायचे. फुग्याने आधी पोकळी केली तर कमी दाब पुरतो.

फिल्मवर मणका भरगच्च दिसला की घरच्यांना समाधान वाटते. पण दुखणे कमी व्हायला काही मिलिलिटर पुरतात, ठासून भरण्याने गळतीच वाढते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत तर खोट्या प्रक्रियेपेक्षा सिमेंटचा जास्त फायदा दिसला नाही. २०१६ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सहा आठवड्यांच्या आतल्या, तीव्र दुखण्यात तो दिसला. म्हणजे सुई घालण्याआधीही थांबून विचार करायला जागा आहे.

शक्य असेल तेव्हा फक्त जागेपुरती भूल दिलेली बरी. पायात मुंग्या आल्या तर आजी स्वतः सांगतील. आणि पायांची ताकद गेलीच, तर तातडीने सीटी स्कॅन करून मज्जारज्जूवरचा दाब काढावा लागतो. ती सोय त्याच रुग्णालयात आहे का, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारावे.